पहिली रोड बाइक: फ्रेमच्या आधी टायरची जागा बघा

भाऊ, तुमच्यापुढे दोन सायकली आहेत. एक सेकंडहँड कार्बनची, शिमानो कंपनीच्या जुन्या अकरा गियरच्या १०५ गियरसेट सकट ५५ हजारांत. दुसरी नवी ॲल्युमिनियमची, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बनचा, गियर शिमानोचेच सुरुवातीच्या क्लॅरिस मालिकेचे, किंमत जवळपास तेवढीच. तुमचं वजन ८४ किलो. मनीषनगरहून पहाटे वर्धा रोडनं चालवायची, हिवाळ्यात रामटेक करायचं आणि जमलं तर पुढच्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड. नागपूरच्या उन्हात कार्बन टिकेल का, की स्टीलच बरं, असं तुम्ही विचारलंय.

उन्हाची काळजी सोडा. ४५-४६ अंशांत कार्बनच्या फ्रेमला काही होत नाही. तरी तुमच्या जागी मी ती कार्बन घेतली नसती. कारण तिच्यात फार तर २५ मिमी रुंदीचा टायर बसतो, हे तुम्हीच लिहिलंय.

आपल्या शहरातले रस्ते आठवा. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली फट, कडेला बसलेले-उठलेले गट्टू, उड्डाणपुलाचे जोड. २५ च्या टायरमध्ये ८४ किलो वजनाला ९५-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवावी लागते, नाहीतर फटीवर ट्यूब रिमखाली चेपून दोन भोकं पडतात. आणि एवढी हवा ठेवली की प्रत्येक जोड मनगटात आणि कंबरेत जाणवतो. २८ चा टायर घेतला तर ८० च्या आसपास भागतं, ३२ ला ६५-७० पुरे. ‘स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं’ असं लोक सांगतात, पण तो फरक बहुतेक टायर आणि हवेचाच असतो. टायर न बदलता नुसती हवा १५ पीएसआय कमी-जास्त करून तोच रस्ता दोनदा चालवून बघा, मग पटेल.

उन्हाचा खरा संबंध हवेशी आहे. पहाटे २५ अंशांत ८० भरली आणि सायकल दुपारी ४५ अंशांत उभी राहिली, तर आतला दाब ८६ च्या घरात जातो. ट्यूब फुटत नाही, पण मे महिन्यात चार-पाच पीएसआय कमीच भरा.

आता धातूंचं. ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं, पण लवचीकपणात तिप्पट, म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. तुमच्या वापराला ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम आणि कार्बन फोर्क उत्तम. स्टील मिळालंच तर ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील) आहे का ते विचारा. स्टिकरवर ‘हाय-टेन’, म्हणजे साधं स्वस्त स्टील, असेल तर ती जड असणार, सोडून द्या. क्रोमोलीची फ्रेम अर्धा-पाऊण किलो जास्त भरते आणि वर्षानुवर्षं साथ देते. सेकंडहँड कार्बनची अडचण वेगळी. ॲल्युमिनियम पोचलं की पोचा दिसतो. कार्बनवर मार बसला तर वरचा रंग शाबूत आणि आतले थर सुटलेले, असं होऊ शकतं. सीटपोस्टचा बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळायचा असतो. आधीच्या मालकानं तो साध्या पान्ह्यानं किती आवळला, हे कोण सांगणार?

गियरच्या बाबतीत शिमानोचं क्लॅरिस मागे आठ गियरचं, सोरा नऊचं, टियाग्रा दहाचं. पहिल्या सायकलीला क्लॅरिस पुरतं, आणि आठ गियरची चेन स्वस्त मिळते, सहज मिळते. गियरच्या नावापेक्षा मागच्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, बघा. हे मी जीव तोडून सांगतो, कारण माझी पहिली रोड बाइक सात गियरची होती, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा जुन्या पद्धतीचा संच) असलेली. विकणाऱ्यानं ‘हबमध्ये काही फरक नसतो’ असं सांगितलं आणि मी मान्य केलं. रामटेकहून परतताना मनसर ओलांडलं आणि मागचं चाक डुगायला लागलं. घरी येऊन उघडलं तर एक्सल (चाकाचा आस) उजव्या बाजूला तुटलेला. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, त्यामुळे उजवीकडचे बेअरिंगचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. आपल्यासारख्या वजनदार माणसाखाली तो आधी वाकतो, मग तुटतो. कॅसेट-फ्रीहबमध्ये, म्हणजे चकत्या हबवर सरकवून बसवतात त्या प्रकारात, छर्रे थेट टोकाशी असतात. क्लॅरिसला कॅसेटच येते, पण पैसे देण्याआधी स्वतः विचारून घ्या.

पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या आणि मागे कॅसेटची सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची असली की फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स बसून चढता येतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट करायचं मनात असेल, तर मागे ३४ बसतं का तेही विचारा. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचं फ्रेममधलं बेअरिंग) आट्यांचं असावं. दाबून बसवलेलं असलं तर घाम-पावसानं पुढं करकरतं आणि काढायला वेगळी हत्यारं लागतात. ब्रेक डिस्क असो की रिम, दोन्ही चालतील. केबलच्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो, तेवढं लक्षात ठेवून दर महिन्याला दुसरं पॅड जवळ आणायचं.

२८ चा टायर बसतो हे बघून नवी ॲल्युमिनियम घ्या आणि दोन गोष्टी बरोबर मागा: त्या फ्रेमचा एक जादा डिरेलर हँगर (मागचा गियर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), कारण बहुतेक मॉडेलांचा वेगळा असतो आणि वाटेत वाकला तर दुसऱ्या सायकलचा सहसा चालत नाही, आणि २८ चे जरा जाड कातडीचे टायर. काटोल रोडला बाभळीचे काटे आणि हायवेच्या कडेला ट्रकच्या टायरच्या तारा, दोन्ही पातळ टायरमधून आरपार जातात.

बघायला जाल तेव्हा साईझच्या नावावर जाऊ नका. स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) आणि रीच (फ्रेमची पुढे जाणारी लांबी) हे दोन आकडे मागून घ्या, घरी भिंतीला टेकून स्वतःच्या पायाची आतली उंची मोजा आणि तिन्ही मला कळवा. स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) किती मिमीचा लागेल ते सांगतो.