छातीचे केस डोक्यावर लावले तर टिकतात का? छातीवरून ३००० ग्राफ्ट खरंच मिळतात का?

टिकतात. पण तुम्ही लिहिलंय की पहिल्या ट्रान्सप्लांटमध्ये डोक्यामागचा भाग विरळ करून ठेवला, माथा उघडाच राहिला, आणि आता दुसऱ्या एका ठिकाणी 'छातीवरून ३००० काढून देतो, ग्राफ्ट म्हणजे ग्राफ्ट' असं सांगितलं. या शेवटच्या तीन शब्दांसाठी हे उत्तर लिहायला बसले. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेला एक किंवा काही केसांचा बारीक तुकडा, मोजणं, निवडणं आणि लावणं हेच माझं काम आहे. 'ग्राफ्ट म्हणजे ग्राफ्ट' हे साफ खोटं आहे.

आधी हिशोब बघा. डोक्यामागच्या १००० ग्राफ्टमध्ये सरासरी २२०० केस धरा, कारण तिथले केस दोन-तीनच्या झुपक्याने येतात. त्यातले ९० टक्के जगले आणि जगलेल्यांतले ८५-९० टक्के कुठल्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात असं धरलं, तर वाढते केस १७०० च्या आसपास. आता छातीचे १००० ग्राफ्ट घ्या. तिथे एका ग्राफ्टमध्ये बहुतेक एकच केस. दहातले सात जगले आणि त्यातले निम्मेच एका वेळी वाढतायत असं धरलं, तर उरले ३५०. शिवाय छातीचा केस बारीक. जाडी पाऊणपट असेल तर त्याचा छेद निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. म्हणजे झाकण्याच्या दृष्टीने ते ३५० केस डोक्याच्या २०० केसांएवढे. बिलात मात्र दोन्हीकडे १००० च लिहितात. आकडे माणसागणिक थोडे हलतील, पण दोन्हींतली तफावत बुजणार नाही.

कारण केसाच्या आयुष्यक्रमात आहे. डोक्याचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो आणि मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो. छातीचा केस काही महिनेच वाढतो आणि मग बराच काळ पडून राहतो. म्हणून तर छातीचे केस कधी न कापताही ठरावीक लांबीवर थांबतात. दाढीचं वेगळं आहे. तिचा वाढीचा काळ छातीपेक्षा बराच लांब असतो, केस जाड असतो, आणि हनुवटीखालून काढलेला ग्राफ्ट भक्कम निघतो. शरीरावरचा खरा राखीव साठा दाढी आहे. छाती हा त्यानंतरचा पर्याय, आणि हात, पाय, पाठ हे त्याच्याही मागचे. काखेतल्या आणि जांघेतल्या केसांचा विषयच काढू नये. ते कुरळे असतात, डोक्यावरही कुरळेच राहतात, आणि तिथल्या जखमा चिघळण्याचा धोका जास्त.

एका पेशंटची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमची अवस्था तिच्याशी जुळते. चाळिशीतले गृहस्थ, आधी डोक्यामागच्या त्वचेची पट्टी काढून केलेलं ट्रान्सप्लांट, नंतर कुठेतरी एफयूई (एकेक ग्राफ्ट सुटा काढायची पद्धत). मागचं डोकं कसर लागल्यासारखं, त्यात पट्टीचा रुंद व्रण, आणि माथा पंजाएवढा उघडा. छातीवर भरगच्च केस, त्यामुळे त्यांनाही सगळीकडून छातीच सुचवली जात होती. आमच्याकडे ठरलं ते असं: आधी चाचणी. छातीचे १०० आणि दाढीचे १०० ग्राफ्ट माथ्यावर दोन वेगळ्या चौकोनांत लावायचे, आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवायचं.

खरं काम ओटीच्या आधी सुरू होतं. छाती आठ दिवस आधी आणि दाढी दोन दिवस आधी गुळगुळीत करायला सांगितली. ही पायरी जो वगळतो त्याच्या हातात छाती देऊ नका. आठ दिवसांत जे केस एक-दोन मिलिमीटर वर येतात तेवढेच वाढीत आहेत. जे त्वचेच्या पातळीलाच राहिले ते विश्रांतीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. न भादरता काढायला बसलं तर लांब दिसणारा केस वाढीतला की नुसता अडकून राहिलेला, हे वरून ओळखता येत नाही.

मग भूल. छाती पसरट असते, त्यामुळे भुलीचं औषध भराभर संपतं. ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं औषध जेमतेम २४ मिली. त्यातच डोकंही बधिर करायचंय. म्हणून औषध पातळ करून, भागाभागाने, वेळ लिहून ठेवत द्यावं लागतं. एका दिवसात छातीवरून ३००० काढून ते लावूनही देतो म्हणणाऱ्याला हा हिशोब कागदावर मांडायला सांगा.

काढताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते कोनामुळे. डोक्यामागचा केस त्वचेतून बऱ्यापैकी उभा निघतो. छातीचा केस जवळपास आडवा झोपलेला असतो, आणि त्याची दिशा दर दोन बोटांवर बदलते. छातीच्या मधल्या हाडापाशी एक, स्तनाग्राभोवती दुसरी, गळ्याकडे तिसरी. ०.८ ते ०.९ मिलिमीटरचा पंच (ग्राफ्ट कापून सोडवणारी बारीक पोकळ नळी) डोक्याच्या सवयीने सरळ खाली घातला की मूळ मधोमध कापलं जातं. वर माणूस श्वास घेतोय, छाती वर-खाली होतेय. आमचे सर्जन श्वास सोडल्यानंतरच्या क्षणी पंच टेकवतात आणि डाव्या हाताने त्वचा ताणून धरतात. मानेवर दाढी काढताना खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकावी लागते, नाहीतर सैल त्वचा पंचाबरोबर फिरते.

ग्राफ्ट आमच्या डिशमध्ये येतो तेव्हा सगळं उघडं पडतं. भिंगाखाली वाढीतल्या केसाच्या टोकाला काळा फुगीर कंद दिसतो आणि त्याभोवती ओलसर, चकचकीत आवरण. विश्रांतीतला केस आखूड, टोक पांढरं आणि आवरणाशिवाय. कापला गेलेला असेल तर खाली कंदच नसतो, नुसती काडी. त्या दिवशी छातीच्या पहिल्या तीसेक ग्राफ्टमध्ये काड्याच जास्त होत्या. सर्जनना सांगितलं, त्यांनी पंच आणखी तिरपा केला आणि खोली कमी केली, मग कंद येऊ लागले. हे बोलणं ओटीत चालू राहायलाच हवं. जिथे टेक्निशियनने नुसती संख्या सांगायची असते तिथे काड्याही मोजल्या जातात आणि डोक्यातही खोचल्या जातात.

छातीच्या ग्राफ्टभोवती चरबीचं वेष्टण कमी असतं, त्यामुळे तो फार पटकन सुकतो. दिव्याखाली कोरड्या गॉजवर काही मिनिटं राहिला तरी गेला. थंड सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये, सुमारे ४ अंशांवर, पंचवीस-पंचवीसच्या ओळींत ठेवायचा, आणि दाढी, छाती, डोकं यांच्या डिश वेगवेगळ्या. लावताना केस चिमट्यात कंदाला धरायचा नाही, वरच्या बाजूच्या ऊतीला धरायचा. कंद एकदा चेपला की तो उगवत नाही, आणि वरून बघून ते कळतही नाही.

वर्षभराने त्या दोन चौकोनांत दाढीचे बहुतेक उभे होते. छातीचे निम्म्याहून थोडे जास्त, बारीक, आणि बोटाच्या दोन पेरांपलीकडे फारसे न वाढलेले. पुढच्या बैठकीत माथ्यावर दाढीच गेली, मागे उरलेल्या डोक्याच्या ग्राफ्टमध्ये मिसळून: दोन-तीन डोक्याचे, मग एक दाढीचा. नुसती दाढी लावली तर केस आखूड कापल्यावर माथा राठ दिसतो. पट्टीच्या व्रणातही दाढीच भरली, पण दोन टप्प्यांत, कारण व्रणात रक्तपुरवठा कमी आणि दाटीने लावलं की ग्राफ्ट मरतात. छाती वापरली ती शेवटी, दोन झुपक्यांमधल्या फटी बुजवायला. छातीची जागा तीच आहे. कपाळाच्या रेषेवर दाढी कधीही लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता ज्या वादासाठी मी खरी पेटते तो. काउन्सेलर लोक हमखास सांगतात, 'छातीचा केस डोक्यात लावला की तो डोक्याचाच होतो, लांब वाढतो.' नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व उलट आहे: केस जिथून आणला तिथले गुण घेऊन येतो. टक्कल पडणाऱ्या जागी मागचा केस टिकतो तो त्यामुळेच. मग हाच नियम छातीच्या केसाला लागू होत नाही असं कसं म्हणता? डोक्यावर टिकायला तुमचा नियम आणि लांब वाढायला दुसरा, असं चालत नाही. पेशंटला पैसे भरायच्या आधी एवढं सांगायलाच हवं.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जागेचा काहीच परिणाम होत नाही असंही नाही. कोरियातले सर्जन ह्वांग यांनी डोक्याचे केस पायावर लावून पाहिले, तर तिथे त्यांची वाढ मंदावली आणि जगण्याचं प्रमाणही घटलं. म्हणजे नव्या जागेचा थोडा प्रभाव असतो, आणि काही लोकांत छातीचे केस डोक्यावर आधीपेक्षा लांब झालेले दिसतात. लॉस एंजेलिसचे सानुसी उमर यांनी डोक्याचा साठा संपलेल्या लोकांत दाढी आणि अंगावरचे केस मोठ्या संख्येने वापरलेत. म्हणजे हे होतं, चांगलं होऊ शकतं. पण निवडक लोकांत, अनेक बैठकांत, आणि असं काम रोज करणाऱ्या हातांनी. 'कदाचित होईल' ते 'होतंच' म्हणून विकू नये, एवढंच माझं म्हणणं.

दाढीवरून साधारण १००० ते २००० ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात, दाट दाढीत आणखी. तेही जबड्याच्या कडेखालून आणि मानेवरून. गालावरून नको, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर पंचाचे पांढरे ठिपके उठून दिसतात. छातीवर तर दिसतातच. पोहायला जाणाऱ्याने याचा आधी विचार करावा. छातीचा मधला भाग केलॉइडला सर्वांत प्रवण. कान टोचल्यावर, लसीच्या जागी किंवा पुटकुळीनंतर गाठीसारखा व्रण झाला असेल तर छाती विसरा, आणि दाढीसाठीही चाचणीशिवाय होकार देऊ नका. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

नंतरचं थोडक्यात. छातीवरच्या खपल्या आठवडाभरात पडतात, पण केस आत वळून पुटकुळ्या येणं पहिले दोन-तीन महिने चालतं. त्या फोडू नका. घट्ट सिंथेटिक बनियन टाळा. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतील, तो बिघाड नव्हे. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात. अंगावरच्या केसांचा निकाल मात्र वर्षाच्या आत ठरवू नका. अर्धे केस आळीपाळीने विश्रांतीत जातात, त्यामुळे सहाव्या महिन्यात फोटो काढून पुढची बैठक विकणाऱ्याला वेळ देऊ नका. उरलेले मूळचे केस टिकवायला फिनास्टेराइड किंवा मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध चालू ठेवायचं की नाही, हे ट्रान्सप्लांटच्या आधी ठरवा.

खर्चाचा ठोस आकडा देत नाही. अंगावरच्या ग्राफ्टचा दर बहुतेक ठिकाणी डोक्याच्या ग्राफ्टपेक्षा जास्त असतो आणि शहरागणिक बदलतो. दर ग्राफ्टचा नका विचारू, केसाचा विचारा. एककेसी किती, दोनकेसी किती, कुठल्या भागातून किती, कापले गेलेले किती आणि ते बिलात धरले की नाही, हे दिवसाअखेर लिहून मागा. पंच कोण चालवणार हेही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं, यूट्यूब बघून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. आणि छातीचे ३००० एका दिवसात म्हणत असतील तर आधी १०० ची चाचणी मागा. त्यालाच नकार दिला तर दुसरा डॉक्टर बघा.