परत जा, त्याच तलावावर

बेटा,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोपच नाही आली. "मॅडम, दीड वर्ष घातलं, अख्ख्या तलावकाठची ती बाहेरून आलेली बेशरमची झुडपं काढली, आणि मासे काही वाढलेच नाहीत, आता मी लिहू काय?" हे तू ज्या आवाजात विचारलंस ना, तो आवाज कानातून जात नाहीये. त्यात वर गाइड म्हणतात की एका सीझनचा डेटा आहे तेवढ्यावर पेपर करून टाक आणि पुण्याची ती कन्सल्टन्सीची नोकरी पकड. मी फोनवर चिडले, नीट बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. क्वाड्रॅट म्हणजे मोजणीच्या चौकटी टाकणं, ग्राफ काढणं हे सगळं तुला माझ्याहून चांगलं येतं, त्याबद्दल मी काही सांगणार नाही. मला एकच सांगायचंय, आणि ते मी चारदा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. परत जा. त्याच तलावावर, त्याच काठावर, त्याच महिन्यात परत जा.

आधी मला सांग, मासे पहिल्याच वर्षी वाढतील असं तुला कोणी सांगितलं? तू बेशरम काढलीस उन्हाळ्यात. पावसाळ्यात पाणी चढलं, काठाच्या उथळ पाण्यात मासोळी अंडी घालणार, पण त्यासाठी तिथं पाण्यातलं गवत पाहिजे, आणि ते गवत तर बेशरमच्या सावलीत केव्हाचं मेलेलं. ते आधी परत यायला हवं, चिखलात बी-कंद शिल्लक असतील तर येईल, नसतील तर लावावं लागेल. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडं ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या बायांनी तेच केलं, बेशरम उपटली आणि सोबत देशी पाणवनस्पती आणून लावल्या, नुसतं उपटून घरी नाही गेल्या. आणि समज यंदा पिल्लं झालीही, तरी ती जाळ्यात पुढच्या वर्षी येणार ना रे? मग या दिवाळीला जाळं रिकामं निघालं म्हणून "परिणाम नाही" असं लिहायला तू निघालास कसा?

दुसरं. तुझ्या ड्राफ्टमध्ये तलावाचा इतिहास दोन ओळीत उरकलाय, त्याचा मला राग आला. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे तुझ्या गाइडना माहीत असेल, पण त्या शब्दातच तुझं अर्धं उत्तर आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव, पूर्व विदर्भात सहा-सात हजारांच्या घरात, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. त्यानंतर गाळ काढायचा कोणी, पार म्हणजे तलावाचा बांध दुरुस्त करायचा कोणी, हे कोणाचंच काम राहिलं नाही. गाळ साचला, काठ उथळ झाला, आणि बेशरमला नेमका तोच उथळ, चिखलाचा, अर्धं वर्ष कोरडा राहणारा काठ लागतो. मग चोरानं दार मोडलं, की दार आधीच मोडकं होतं म्हणून चोर आत आला? हे तू एका सीझनमध्ये सांगू शकत नाहीस. कोणीच सांगू शकत नाही. शिवाय मच्छीमार सोसायटीनं त्या तलावात रोहू-कतलासोबत गवत्या कार्प सोडलाय हे तू मला बोलता बोलता सांगितलंस, ड्राफ्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही! गवत्या पाण्यातलं गवत खातो, नावच त्याचं ते. एकीकडे तू गवत परत येण्याची वाट बघतोस आणि दुसरीकडे ते खाणारा मासा त्याच पाण्यात फिरतोय, आणि दोष-श्रेय सगळं बेशरमच्या खात्यावर.

शेजारच्या गावातला दुसरा तलाव, ज्यातली बेशरम नाही काढली, तो मोजलास का? आधीही आणि नंतरही? नसेल तर आता या ऑक्टोबरपासून धर, उशीर झालाय पण धर. काढलेला आणि न काढलेला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून निदान तीन पावसाळे. नाहीतर पाऊस कमी पडला म्हणून मासे कमी झाले, की धानावरची फवारणी वाहून आली म्हणून, हे तुला जन्मात कळणार नाही.

आता माझी गोष्ट, जी मी वर्गात कधीच सांगितली नाही.

देवलापारच्या पुढे एका गावाला लागून जंगलाचा तुकडा होता, दोन हेक्टर, सगळा रायमुनियानं भरलेला. पुस्तकात घाणेरी म्हणतात, टणटणी म्हणतात, पण तिकडे सगळे रायमुनियाच म्हणतात. २००३ च्या उन्हाळ्यात आम्ही तो साफ केला. नुसता कापला नाही, कापला तर दुप्पट फुटतो, तर खोड आणि मुळाचा सांधा असतो ना, मातीच्या जरा खाली, तिथं तिरपी कुदळ घालून अख्खा गड्डा उपटायचा आणि मुळं वर करून उलटा टाकून द्यायचा, म्हणजे परत धरत नाही. पंधरा-वीस बाया मजुरीला होत्या, दिवसभर तो उग्र वास हाताला, जेवताना घासालाही तोच वास. पाऊस पडला आणि खरंच सांगते, गवत आलं. मी मोजलं, अठरा-एकोणीस प्रकारचं गवत आणि झाडोरा, रोपं तेंदूची, बायांना पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी आत शिरता आलं, नाहीतर त्या जाळीत कुठे जनावर बसलंय या भीतीनं कोणी जात नव्हतं. मी रिपोर्ट लिहिला. "पुनरुज्जीवन यशस्वी". फोटो लावले, आधीचा आणि नंतरचा. त्या रिपोर्टवर आणखी दोन-तीन ठिकाणी तसंच काम मंजूर झालं, माझं नाव झालं.

परत गेले २००९ मध्ये, तेही दुसऱ्याच कामाला जाताना गाडी थांबवली म्हणून. त्या दोन हेक्टरवर खांद्याएवढी रानतुळस उभी होती. तीही बाहेरचीच, अमेरिकेतली. मोकळी केलेली जमीन, ऊन, आणि निगा राखायला कोणी नाही, तिला आणखी काय पाहिजे? आणि मोहाच्या झाडांखाली, जिथं बुलबुल बसतात आणि काळी फळं खाऊन बिया टाकतात, तिथं रायमुनियाची कोवळी रोपं ओळीनं आलेली. मजुरीला होती त्यातली एक बाई भेटली. म्हणाली, "मॅडम, दुसऱ्याच पावसाळ्यात आलं ते. तुमी आल्या असत्या तं दाखवलं असतं." वर हेही म्हणाली की कुंपणाला आणि चुलीला रायमुनियाच्या काड्या जवळ मिळायच्या, आता त्यासाठी लांब जावं लागते, आणि हे तर मी रिपोर्टमध्ये लिहिलंच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात हातभर रोपं होती, दहा बायांनी दोन दिवसात उपटली असती. सहा वर्षांनी काय करणार?

आता तू म्हणशील मॅडम का नाही गेल्या. प्रोजेक्ट संपला होता, गाडी नव्हती, मुलगी दहावीला होती, सासूबाई अंथरुणावर होत्या, आणि त्या काळी दुसऱ्या वर्षाच्या मोजणीला पैसे देणारा कोणी नव्हता, काढायला पैसे मिळायचे, बघायला नाही. आजही फार वेगळं नाही, रोजगार हमीत काढणीची मजुरी निघते, पुन्हा उगवलेलं उपटायची निघायला मारामार. हे सगळं खरं आहे, यातलं एकही खोटं नाही. पण नागपूरहून देवलापारला एसटी तेव्हाही जात होती. एक रविवार. वर्षातून एक रविवार नव्हता माझ्याकडे? होता. पेपर छापून आला होता म्हणून मला गरज वाटली नाही, एवढंच ते आहे.

म्हणून मी तुझ्यावर चिडते, समजलं का.

परत जाणाऱ्यांना काय मिळतं ते बघायचं तर कर्नाटकात बिळिगिरीरंगाच्या डोंगरात बघ. १९९७ मध्ये अख्ख्या जंगलावर जाळी आखून प्लॉट टाकले होते, २००८ मध्ये तेच प्लॉट पुन्हा मोजले. पहिल्यांदा साधारण ४० टक्के प्लॉटमध्ये घाणेरी होती, अकरा वर्षांनी ८० टक्क्यांच्या आसपास. आणि तिथले सोलिगा आदिवासी आधीपासून सांगत होते की आम्ही उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला बारीक आग लावायचो ती तुम्ही बंद केली, तेव्हापासून ही वाढली. एकदाच जाऊन आला असता कोणी तर ४० टक्के हा आकडा घेऊन बसला असता, आणि सोलिगांचं बोलणं म्हातारी माणसं काहीतरी बोलतात म्हणून सोडून दिलं असतं.

तुझ्या ढिवरांचं पण तसंच आहे. तू फॉर्म घेऊन गेलास, "उत्पन्न किती कमी झालं" विचारलंस, त्यांनी काहीतरी सांगितलं, तू लिहिलंस. अरे, सोडलेला कार्प सोसायटीच्या वहीत असतो, त्याचं वजन होतं, हिशेब होतो. काठावरची बारकी मासोळी बाया हातजाळ्यानं धरतात, अर्धी बाजारात, अर्धी घरी कालवणात, ती कोणत्या वहीत असते? बेशरम काठावर येते, म्हणजे पहिला फटका त्या मासोळीला, म्हणजे बायांना, आणि तुझ्या फॉर्मवर सगळ्या सह्या पुरुषांच्या. २०२३ च्या त्या आयपीबीईएसच्या, म्हणजे जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालातला ४२३ अब्ज डॉलरचा आकडा तू पहिल्याच पानावर टाकलायस, जगभरात अशा बाहेरून येऊन पसरणाऱ्या प्रजातींमुळे वर्षाला इतकं नुकसान म्हणून. असू दे आकडा. पण कालवणात मासोळी आठवड्यातून किती दिवस असते हे तू त्याच दहा घरांत, पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात जाऊन विचार, परत परत जाऊन विचार, आणि बायांना विचार. पहिल्यांदा त्या लाजतील, तिसऱ्यांदा स्वतःहून सांगतील.

नोकरीचं. घे. मी नको म्हणणार नाही, घरची परिस्थिती मला माहीत आहे, आणि उपाशी राहून रिसर्च कर असं सांगणाऱ्यांतली मी नाही. पण रुजू होण्याआधी त्यांना सांग की ऑक्टोबरात आठ दिवस आणि मे महिन्यात चार दिवस मला सुट्टी लागेल, आणि ते लेखी घे. तिथं तुला एका भेटीत रिपोर्ट करायला लावतील, तेही कर, पोटासाठी करावं लागतं, फक्त त्यात "यशस्वी" हा शब्द लिहू नकोस. गाइडचं मी बघते, तुझ्या पहिल्या सीझनचा पेपर "काढण्याआधीची स्थिती" म्हणून सरळ होऊ शकतो, त्यात खोटं काही नाही.

मी काल संध्याकाळी इथल्या अंबाझरी तलावावर गेले होते. जलपर्णी काढायला मशिनी लावल्या, ढीगच्या ढीग काढला, लोकांनी फोटो काढले. वाडी-हिंगण्याकडून येणारं सांडपाणी तसंच येतंय आणि कडेला हिरव्या फुगीर देठांची पिल्लं परत तरंगताना मी स्वतः बघितली. तिथंच बसून ठरवलं की तुला लिहायचं.

एक प्रॅक्टिकल. प्लॉटच्या कोपऱ्याला लोखंडी सळई ठोकू नकोस, वर्षभरात ती भंगारात जाते, माझ्या बारापैकी नऊ गेल्या. मोठ्या दगडावर पिवळा ऑइल पेंट मार, आणि प्रत्येक वेळी त्याच झाडाला पाठ टेकवून फोटो काढ. कापलेली बेशरम काठावर पडू देऊ नकोस, ओल्या चिखलात पेराला पेराला मुळं फुटतात, दूर पारीवर नेऊन वाळव.

रिटायर झाल्यापासून मी दर ऑक्टोबरला देवलापारला जाते, त्याच दोन हेक्टरवर. यंदा शेवटच्या रविवारी जाणार आहे, गणेशपेठ स्टँडवरून सकाळची पहिली गाडी. ये. डबा मी आणते, रंगाचा डबा आणि ब्रश तू घे. आणि तुझी पहिल्या वर्षीची फील्डची वही आण, लॅपटॉप नको, वहीच, मला त्यात काठावरच्या पाण्याची खोली तू कुठे कुठे घेतलीस ते बघायचंय.

तुझी
मॅडम