मान फिरवणारा कॅमेरा वर्गात बसवताना

भाऊ, कॅमेरा फळ्यासमोरच्या मागच्या भिंतीवर लाव, साधारण सात फुटांवर. त्याहून वर नेला तर सरांचं टक्कलच जास्त दिसेल. प्लायच्या पार्टिशनवर नको. फुल झूममध्ये पंख्याची थरथरही भूकंपासारखी दिसते.

नेटवर्क केबल कॅट-सिक्स, पण शुद्ध तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल लांब ओढली की पीओईचा, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला जाणाऱ्या विजेचा, व्होल्टेज पडतो. मोटर फिरताना करंट वाढतो, आणि कॅमेरा नेमका वळता वळता रीस्टार्ट होतो. 100 मीटरच्या पुढे जाऊच नको.

कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर सेटिंग 50 हर्ट्झवर ठेव, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे सरकतात. प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या जागा, तीन पुरेत: फळा, टेबल, पूर्ण वर्ग. ऑटो-ट्रॅकिंगची हद्द फळ्यापुरती आख, नाहीतर पाणी प्यायला उठलेल्या पोरामागे कॅमेरा निघतो.

खरी डोकेदुखी आवाजाची. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलर बंद होणार नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नको. सरांना कॉलर माइक दे, हनुवटीपासून वीतभर खाली. आणि कूलरचा ओला झोत लेन्सवर येऊ देऊ नको. क्षारांचे पांढरे डाग पडतात, कोरड्या फडक्याने घासलं तर कोटिंग जातं.