काखेतील गळवे आणि मधुमेहाची औषधे

प्रश्न : माझे वय 34 असून आमची यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती आहे. गेल्या काही वर्षांपासून मला दोन्ही काखांत आणि जांघेत गळवे येतात. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधली की जांघेतील गाठी घासून फुटतात, आणि कपड्यांना डाग पडतील या भीतीने मी लग्नकार्याला जाणेही टाळते. घरी काखमांजरी समजून पोटीस लावतात. जवळच्या दवाखान्यात अनेकदा चिरा देऊन पू काढला, तरी गळू पुन्हा तिथेच येते. आता त्वचारोगतज्ज्ञांनी आजाराचे नाव हिड्राडेनायटिस सुप्युरेटिव्हा असे सांगून इतर औषधांसोबत मेटफॉर्मिन लिहून दिले आहे. मला मधुमेह नाही. वजन मात्र 84 किलो आहे. शुगरची गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, असे सासूबाई म्हणतात. पुण्याचा भाचा वजन उतरवणारे इंजेक्शन घ्यायला सांगतो. यांपैकी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सर्वप्रथम मनातून एक गोष्ट काढून टाका. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि तो कोणाला लागतही नाही. केसाचे मूळ ज्या बारीक नळीत असते तिचे तोंड बंद होते, ती त्वचेच्या आतच फुटते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे गरजेपेक्षा अधिक दाह निर्माण करते. पुढे या गाठी आतून एकमेकींना जोडल्या जातात व त्वचेखाली बोगदे तयार होतात. नुसता चिरा देऊन पू काढल्याने ठणका थांबतो, परंतु मूळ जागा तशीच राहत असल्यामुळे गळू पुन्हा उठते.

मधुमेहाच्या औषधांचा संबंध इथेच येतो. पोटावरची चरबी केवळ साठा म्हणून पडून राहत नाही, तर ती दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत असते. शिवाय वजन वाढलेल्या अनेकांच्या शरीरात इन्सुलिनचे प्रमाण चढलेले राहते, त्यामुळे पुरुषी संप्रेरकांचा जोर वाढतो आणि त्याचा परिणाम केसांच्या मुळांवर होतो. त्यात त्वचेच्या घड्यांमध्ये घाम आणि घर्षण यांची भर पडते. मेटफॉर्मिन इन्सुलिनचा हा चढ उतरवते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 25 रुग्णांना ही गोळी देण्यात आली आणि त्यांपैकी 18 जणांना आराम पडला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा पुरावा आशादायक असला तरी भक्कम म्हणता येत नाही. तरीही औषध जुने, स्वस्त आणि ओळखीचे असल्याने तुमच्या डॉक्टरांनी ते दिले हे मला योग्य वाटते.

सासूबाईंची शंका स्वाभाविक आहे, पण जन्मभर राहतो तो मधुमेह. गोळीची सवय लागत नाही. काही महिन्यांत फरक दिसला नाही तर डॉक्टर ती बंद करू शकतात. मधुमेह नसताना एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायकरीत्या उतरत नाही. सुरुवातीला पोट बिघडते, म्हणून ती जेवणासोबत घ्यावी.

आता भाच्याच्या इंजेक्शनविषयी. सेमाग्लुटाइड आणि टिरझेपेटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची औषधे भूक कमी करतात, वजन बरेच उतरवतात, आणि ती घेणाऱ्या काही रुग्णांची गळवे व वेदना कमी झाल्याचे लहान अभ्यासांत दिसले आहे. परंतु या त्वचारोगासाठी त्यांना अद्याप मान्यता नाही, आणि आत तयार झालेले बोगदे त्यांनी बुजत नाहीत. अशा बोगद्यांना शस्त्रक्रियाच लागते. खर्चही पाहा. मार्च 2025 मध्ये टिरझेपेटाइड भारतात आले तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची, म्हणजे एका आठवड्याच्या मात्रेची, किंमत 3,500 रुपये होती. किमती बदलत असतात, पण औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते, हे धरूनच हिशेब करावा लागतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण शहरातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. हे इंजेक्शन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, आणि बाहेर काही आठवडे चालते तेही 30 अंशांच्या आतच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना आणि दुपारभर वीज नसताना माठाजवळच्या ओल्या फडक्यात ठेवलेल्या औषधाचा भरवसा धरता येणार नाही. त्यातच या औषधाने मळमळ, उलट्या होतात. उन्हात काम करणाऱ्या बाईच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होऊ शकते. जेवण घटल्यावर स्नायूही झिजतात, म्हणून डाळ, हरभरा, अंडी ताटातून सुटता कामा नयेत. दिवस राहण्याचा विचार असल्यास हे औषध घेऊ नये. सेमाग्लुटाइड त्याआधी किमान दोन महिने थांबवावे लागते.

माझे मत असे की, सध्या मेटफॉर्मिन आणि त्वचारोगतज्ज्ञांची इतर औषधे नेटाने घ्यावीत. आराम न पडल्यास ॲडॅलिमुमॅबसारखे दाह रोखणारे इंजेक्शन आहे, मात्र त्याआधी क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक असते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे याविषयी विचारता येईल. ओटीचे कापड मऊ, सैल आणि रोज धुतलेले असावे. घरात कोणी विडी ओढत असेल, किंवा तुम्हाला स्वतःला खर्ऱ्याची सवय असेल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. धूम्रपानाचा या आजाराशी संबंध स्पष्ट आहे, आणि खर्रा सोडायला तर तोंडाचा कर्करोग हे एकच कारण पुरे आहे.

प्रश्न : माझ्या भावाला सोरायसिस असून वजनही जास्त आहे. आईच्या मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळ्या घरात आहेतच. त्याने त्या घेऊन पाहाव्यात का?
— एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : घेऊ नयेत. वजन उतरल्यावर सोरायसिस सौम्य होतो हे खरे, पण आईची मात्रा तिच्या प्रकृतीप्रमाणे ठरलेली आहे. मेटफॉर्मिनपूर्वी मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते, आणि भाऊ मद्यपान करत असेल तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो. आई ही गोळी बरीच वर्षे घेत असल्यास तिचेच बी-12 जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.