मेंदूचा अभ्यास फक्त डॉक्टरच करतात का?

(ठाण्याच्या एका बाबांचं पत्र: मुलगी दुसऱ्यांदा 'नीट' देतेय. तिला मात्र ग्रोथ फॅक्टरमुळे (पेशींना वाढायला मदत करणाऱ्या प्रथिनांमुळे) मेंदूतले चेतातंतू कसे बदलतात, यावर संशोधन करायचंय. 'आधी एमबीबीएस' म्हणून त्यांनी तिचं सकाळी उपवनला धावायला जाणं बंद केलंय.)

नमस्कार,

तुमच्या पत्रात गुणांचा हिशेब दीड पान आहे आणि 'हल्ली ती घरात बोलत नाही' हे एका ओळीत. मला काळजी वाटते ती त्या ओळीची. गप्प झालेल्या मुलीला अभ्यासू समजू नका. तिचं धावणं उद्यापासून सुरू करा. ती ज्या विषयासाठी तळमळतेय तो विषयही हेच सांगतो: बीडीएनएफ हा ग्रोथ फॅक्टर चेतापेशींमधल्या जोडण्या बळकट व्हायला मदत करतो. उंदरांवरच्या प्रयोगांत स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो धावण्याने वाढलेला दिसला, तर सततच्या ताणाने घटलेला. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे खरं. पण अभ्यासासाठी व्यायाम तोडायला विज्ञानात काहीच आधार नाही.

एमबीबीएसशिवाय मेंदूवर काम करता येत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हा चेतातंतू वाढवणारा पहिला घटक १९५०च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणांवर काम करताना हाती लागला. ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी १९८६चं नोबेल दोघांना मिळालं. रिटा लेवी-मोन्टाल्चिनी डॉक्टर होत्या, स्टॅन्ली कोहेन जीवरसायनशास्त्रज्ञ. भ्रूणातले तंतू कसे फुटतात हे रिटाबाईंनी पाहिलं, त्यामागचं प्रथिन वेगळं काढलं ते कोहेन यांनी. आणि रिटाबाईंच्या वडिलांचा मुलींच्या विद्यापीठातल्या शिक्षणालाच विरोध होता. नंतर त्यांनी परवानगी दिली.

मग तिने शिकायचं कुठे? बारावीनंतर थेट विज्ञान-संशोधनाकडे नेणाऱ्या संस्था आहेत: आयसरसाठी आयएटी, नायसर आणि मुंबईत कलिन्याच्या सीईबीएससाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा. पुढे पीएचडीला मुंबईची मूलभूत संशोधन संस्था टीआयएफआर, मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र एनबीआरसी, बंगळूरची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्था निम्हान्स. आयएटी आणि नेस्टला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते, तेव्हा तिसऱ्या 'नीट'चा विषय काढूच नका. नाहीतर ही दोन्ही दारं बंद होऊ शकतात.

या रविवारी तिला तिचा विषय समजावून सांगायला सांगा आणि मध्ये परीक्षेचं नाव न काढता पूर्ण ऐका. तरीही ती गप्पच राहिली, झोप-जेवण बिघडलेलं दिसलं, तर माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.