लिलावात 'रिजन्सी' म्हणून लावलेलं साइड टेबल खरंच तेवढं जुनं आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: लेस्टरजवळच्या एका लिलावात रोझवूडचं, एका खणाचं साइड टेबल लागलंय, चिठ्ठीवर 'रिजन्सी' लिहिलंय, पण तुमच्या मित्राच्या मते ते व्हिक्टोरियन आहे. कोणाचं खरं मानायचं, आणि पुढेमागे ते पुण्याला नेता येईल का?

मी इथे इंग्लंडमध्ये जुन्या फर्निचरची दुरुस्ती करतो, त्यामुळे अशी टेबलं रोज हाताखालून जातात. माझा पहिला सल्ला हा की टेबलाचा वरचा भाग आणि पाय बघून मत बनवू नका. पॉलिश नवं करता येतं आणि घाटाची नक्कल तर हमखास होते. १९२०-३० च्या सुमारास रिजन्सी घाटाची फॅशन परत आली होती आणि तेव्हा केलेली टेबलंही आता जुनीच दिसतात.

खरी रिजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याचा मुलगा राज्य चालवत होता, तो काळ. व्यापारी मात्र साधारण १८०० ते १८३० पर्यंतचं सगळं त्याच नावाने विकतात आणि ते मला गैर वाटत नाही, कारण घाट तोच आहे: ग्रीक-रोमन वळणाचे तलवारीसारखे बाकदार पाय, गडद रोझवूडमध्ये बसवलेल्या पितळेच्या बारीक पट्ट्या, खाली सिंहाच्या पंजाची पितळी चाकं. थॉमस होप या धनिकाने १८०७ साली आपल्या लंडनच्या घरातल्या फर्निचरची चित्रं छापली, त्यातून ही आवड पसरली. व्हिक्टोरिया १८३७ ला गादीवर आली. तिच्या काळात पाय जाडजूड, खरादावर फुगीर कातलेले झाले, गाठींच्या नक्षीचा अक्रोड आला, चिनीमातीची पांढरी चाकं आली. दोन्ही बाजूंची पानं खाली सोडली की अगदी अरुंद होणारं सदरलँड टेबल याच काळातलं. तसलं टेबल कोणी रिजन्सी म्हणून दाखवलं तर सरळ पुढे चला.

आता खण पूर्ण बाहेर काढा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. समोरची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथले डव्हटेल सांधे, म्हणजे पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवून केलेले जोड, बघा. हाताने कापलेले दात एकसारखे नसतात आणि सुताराने सुईने ओढलेली आखणीची बारीक रेघ अजून दिसते. सगळे दात तंतोतंत सारखे असले तर यंत्राचा संशय घ्या. बाजूच्या फळ्यांची खालची कड दोनशे वर्षं घासून झिजलेली हवी आणि ती झीज टेबलाच्या आतल्या पट्टीवरच्या झिजेशी जुळायला हवी. मग समोरच्या फळीची आतली बाजू तपासा. मुठींच्या आजूबाजूला बुजवलेली भोकं असतील तर मुठी बदललेल्या आहेत. मूठ सैल असेल तर तिच्या खालचा रंग बघा, कारण रोझवूड उन्हाने फिकट सोनेरी होतं आणि झाकलेल्या जागी गडदच राहतं. मूठ काढल्यावर खाली तसा गडद गोल दिसला की मला हायसं वाटतं.

कुलपावर मुकुट आणि 'व्ही आर' (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) असा ठसा असेल तर ते कुलूप १८३७ नंतरचं. मात्र कुलूप मागाहून बसवलेलं असू शकतं, तेव्हा त्याच्या खाचेभोवती जोडलेले लाकडाचे तुकडे शोधा. स्क्रूंचंही तसंच: १८५० च्या आधीचे स्क्रू टोकाला बोथट, त्यांची खाच बहुधा मध्यावर नसते. टोकदार, एकसारखे स्क्रू यंत्रावरचे आणि त्यानंतरचे. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला चालतो, सगळेच नवे असतील तर कारण विचारा.

टेबल उलटं करायला लाजू नका, लिलावाच्या आधीची पाहणी त्यासाठीच असते. खाली वर्तुळाकार करवतीच्या कमानीसारख्या खुणा दिसल्या तर पारडं व्हिक्टोरियन काळाकडे झुकतं. एका खांबावरचं गोल टेबल घेणार असाल तर मोजपट्टी न्या. अखंड लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, म्हणून खरं जुनं वर्तुळ एका बाजूने काही मिलिमीटर कमी भरतं.

किल्लीच्या भोकाभोवती हस्तिदंताची चकती असेल तर ब्रिटनचा हस्तिदंताबद्दलचा २०१८ चा कायदा लागतो, तो आता अमलात आहे. १९४७ च्या आधीच्या वस्तूत हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असला तरी विक्रीपूर्वी नोंदणी लागते. ती झालीय का हे विचारा. पुण्याला नेण्याबद्दल: त्या काळचं रोझवूड बहुधा ब्राझीलचं, आणि त्याच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. जुन्या वस्तूलाही देशाबाहेर नेताना परवाना लागतो, तो मिळेपर्यंत जहाजवाल्याला पैसे देऊ नका. शिवाय सरसाने चिकटवलेलं व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ थर, पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसात सुटू लागतं. पुण्याच्या घरासाठीच हवं असेल तर मी एकोणिसाव्या शतकातलं मुंबईचं कोरीव शिसवी टीपॉय शोधेन. ते तिथल्याच कारागिरांनी, तिथल्याच लाकडात केलेलं असतं.

तुमच्या टेबलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाय, खण, माथा एकमेकांचे असलेलं प्रामाणिक व्हिक्टोरियन टेबल मी जोडाजोड केलेल्या रिजन्सीपेक्षा आनंदाने घेईन. असल्या गडद लाकडाच्या फर्निचरचे भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच उतरलेत, त्यामुळे घाई नाही. लिलाववाल्यांकडून लेखी स्थिती अहवाल मागवा, खणाचे आणि खालच्या बाजूचे फोटो घ्या, आणि बोलीची मर्यादा ठरवताना त्यांचं कमिशन धरा. बहुतेक ठिकाणी ते बोलीच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं, वर त्यावरचा कर. फोटो आले की इथे टाका, बघून सांगतो.