बालीतल्या मंदिरांत जाताना

पहिल्यांदाच जाताय, तर सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं कापड) आणि कमरेला बांधायचा सेलेंदांग, म्हणजे कापडी पट्टा, स्वतःचा विकत घ्या. मोठ्या मंदिरांत दारावर मिळतो, पण खरी मजा गावातल्या छोट्या मंदिरांमध्ये आहे आणि तिथे द्यायला कोणी बसलेलं नसतं. खांदे झाकलेले हवेत. मासिक पाळी चालू असेल तर आत जात नाहीत. पटो न पटो, नियम त्यांचा आहे, तो पाळा.

आत गेल्यावर मूर्ती शोधत फिरू नका. पद्मासन नावाचं उंच दगडी आसन दिसेल, वर रिकामं. देव उत्सवाला तिथे येऊन बसतो अशी श्रद्धा. हा उत्सव, म्हणजे ओडालान, बहुतेक मंदिरांत 210 दिवसांनी येतो. तुमच्या मुक्कामात कुठे असेल तर हॉटेलवाल्यांना जरूर विचारा. समुद्रकिनारा एक दिवस राहिला तरी चालेल! मात्र पूजा चालू असताना पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहू नका, हात जोडून बसलेल्यांच्या पुढून जाऊ नका.

जमिनीवर ठेवलेल्या पानांच्या चौकोनी परड्या, फुलं, उदबत्ती, कधी एखादं बिस्किट, हा नैवेद्य आहे. पाय पडू देऊ नका.

तीर्ता एम्पुल या पवित्र झऱ्याच्या मंदिरात सगळ्या धारांखाली डोकं घालू नका, काही धारा मृतांच्या विधीसाठी असतात. आधी विचारा. उलुवातूच्या मंदिरात चष्मा बॅगेत ठेवा, माकडं सरळ डोळ्यांवरून ओढतात. तानाह लोत या समुद्रातल्या खडकावरच्या मंदिराला ओहोटीची वेळ बघून जा, आणि खडकावर वर, मंदिरात पर्यटकांना सोडत नाहीत हे आधीच लक्षात असू द्या.